बिनटोकाचा गुलुबंद

५ डिसेंबर १९३७, राजूर

टोपी! निजामोद्दीनच्या डोक्यावरची टोपी! सकाळपासून तीच डोळ्यांपुढे आहे.

ईदेच्या शीरखुर्म्याला गेलो होतो. निजामोद्दीन माझा तीस वर्षांचा सोबती. मी शाळेत, तो टपालात; आता दोघेही घरी. नवी पांढरी टोपी घालून ऐटीत बसला होता. पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "काढ ती." तो म्हणाला, "सणाच्या दिवशी माझी टोपी उतरवतो काय मास्तर?" म्हटलं, "बघायची आहे रे."

हातात घेतली. मधोमध एक ठिपका. त्याच्याभोवती फेरी, तिच्याभोवती दुसरी. खडा टाकल्यावर पाण्यात वर्तुळं उठतात तशी. शिवण नाही, जोड नाही. त्याच्या बायकोने, मेहरुन्निसाभाभींनी, आकडीच्या सुईने विणलेली. बघता बघता मी एकेचाळीस वर्षं मागे गेलो. शीरखुर्मा गार झाला.

निघताना म्हणालो, "भाभी मला शिकवतील का?" निजामोद्दीनला हसून हसून ठसका लागला. पडद्याआडूनही बांगड्या वाजल्या.

हसू देत.


६ डिसेंबर

ठरलं. शिकणार.


८ डिसेंबर

हे कुठेतरी लिहायला हवंच. तोंडाने कधी सांगणं झालं नाही. बाईंडिंगची वही आहे, दौत आहे, ऐकणारं कोणी नाही — लिहितो.

सन १८९६. जालन्यात नवा मास्तर लागलो होतो. सगुणा अठरा वर्षांची. (कागदावर नाव लिहायला काय हरकत! तोंडाने आजवर घेतलेलं नाही.) मिशनच्या बंगल्यावर एक मडम बायकांना विणकाम शिकवी. शेजारणींबरोबर ही पण दुपारची जाऊ लागली. महिन्याभरात हात असा बसला की मडम दुसऱ्या बायकांना हिचं काम दाखवी. लोकरीचा गोल गळपट्टा करायला घेतला होता, दोन रंगांचा. संध्याकाळी उंबऱ्यात बसून विणायची. बोटं अशी चालत जशी माझी पोरं पाठ कविता म्हणत, अडखळणं नाहीच.

मग कुजबुज सुरू झाली. मास्तरची बायको बंगल्यावर जाते. आज लोकर, उद्या गळ्यात क्रूस. वरच्यांच्या कानावर गेलं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी घाबरलो. दुसरा शब्द नाही — घाबरलो.

घरी आलो, हिच्या मांडीवरून ते सगळं उचललं. सुई टाक्यातच होती. ही म्हणाली, "एवढी फेरी तरी होऊ द्या."

नाही होऊ दिली. कागदात गुंडाळून, चार लोकांना दिसेल अशा वेळी, बंगल्यावर परत करून आलो. त्याच आठवड्यात शाळेत मुलींच्या शिक्षणावरची कविता पोरांकडून घोकून घेत होतो! चालीत! हात हलवून!

ही रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून सुई धरली नाही, इतकंच. भांडी, शेणसडा, लेकरं, नातवंडं सगळं केलं, पण विणणं हा शब्द ह्या घरात एकेचाळीस वर्षं नाही. लेकीच्या, पुष्पाच्या, लग्नात रुखवतावर मांडायचं विणकाम शेजारणीकडून आणलं. पुष्पा म्हणाली होती, "आईला येत न्हाई का?" ही म्हणाली, "न्हाई."

तर आता मी विणणार. तसाच गोल, दोन रंगांचा. संक्रांतीला हिच्या हातात देणार. हिने तो गळ्यात घालावा, एवढं एकच मागणं आहे. ह्या वयात आणखी मागण्या उरल्या पण नाहीत.


९ डिसेंबर

भाभींची आकडी छत्रीच्या काडीची, सुताला बरी. लोकरीला जाड हवी. कुठून आणू?

दुपारी पेटी उघडली. माझी जुनी लेखणी! नीब कधीच गेलेलं, दांडा मात्र शिसवीसारखा काळा, अंगठ्याजागी गुळगुळीत झालेला. एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या ह्या दांड्याने. चाकूने टोकाला खाच पाडली, काचेच्या तुकड्याने तासली, खोबरेल चोळलं. झाली आकडी! गालावर फिरवून पाहिली, कुठे टोचत नाही. सुताराने केली नसती अशी झाली आहे. खरंच सांगतो, नसती केली.


११ डिसेंबर

पहिला धडा. विद्यार्थी वय वर्षं अडुसष्ट.

ओसरीवर मी, मधे चिकाचा पडदा, आत भाभी, आणि दाराशी निजामोद्दीन डाक पोचवायला! मी चार टाके घालायचे, त्याने आत न्यायचे, आतून हुकूम यायचा.

"इत्ता घट्ट नक्को, मास्तरसाब. धाग्याला फाशी देऊन राह्यले तुम्ही."

सैल केले. पुन्हा डाक आत. "आता तर पार झोळीच केली! पोरगं झोपवायचं हाय का?"

निजामोद्दीन म्हणाला, "तीस वर्षं टपाल वाटलं, पण इतक्या फेऱ्या कधी न्हाई मारल्या." पडद्याआड दोघी हसतात — नात आमिनाही असते आत. तीन वेळा सगळं उसवून बाहेर आलं. चौथ्यांदा आतून नुसतं, "हौ. बराबर."

छडीवाला मास्तर मी, आणि त्या एका 'बराबर'साठी पडद्याला कान लावून बसलो होतो! घरी येताना देवळापुढून मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. पोरं पहिला नंबर आल्यावर घरी सरळ का जात नाहीत, ते आज कळलं.


१३ डिसेंबर

शंभर टाक्यांची साखळी. न चुकता. दोनदा.


१६ डिसेंबर

सर्व्हिस मोटारीने जालन्याला जाऊन आलो. नव्या जालन्यात स्टेशनाजवळच्या दुकानात लोकर मिळाली. डाळिंबी रंग तर दारातूनच ओळखला. अगदी तोच, १८९६चा!

पण दुसरा? दुकानदार विचारतो, "दुसरा कोनता देऊ, साहेब?" आणि मला काही केल्या आठवेना. डाळिंबी आठवतो, उंबरा आठवतो, हिच्या मनगटावरचं ऊन आठवतं, दुसरा रंग आठवत नाही. तेव्हा पाहिलाच नव्हता नीट. गुंडाळायची घाई होती.

मोतिया घेतला. हिला मोगरा आवडतो.

परतीला मोटार सुटायला अवकाश होता. मिशनच्या बंगल्याच्या रस्त्याने गेलो. फाटकाशी चिंच होती, ती अजून आहे. त्या चिंचेखाली उभं राहून, कागदाची पुडी पुढे करून, मी मडमला म्हणालो होतो, "आमच्या घरी ह्याची गरज नाही." मडमने पुडी घेतली. मराठीत म्हणाली, "तुमच्या घरी तिची गरज आहे ना?" तेव्हा उद्धट वाटली होती बाई.


१८ डिसेंबर

आरंभ केला!

शहाण्णव टाके. सोळा सक शहाण्णव — दर सोळाव्या टाक्याला सुताचा तुकडा बांधला, मोजणी चुकायला नको. मग शेवटचा टाका पहिल्यात गुंतवून कडं केलं. भाभी म्हणाल्या, "टोपी मदातून सुरू होते, मास्तरसाब. असं रिकामं कडं म्या कदी केलं न्हाई. पन फेरीवर फेरी चडवायची, त्ये तर तेच." बस, तेवढं पुरे.

गुलुबंद सगळेच घालतात. दोन टोकं असतात, ती घसरतात. ही चुलीपुढे वाकली की पदरासारखं टोक पुढे यायचं. म्हणून बिनटोकाचा. डोक्यातून घालायचा, विसरून जायचा. मडमच्या गळ्यात तसा होता.

विणताना चाल सुचली. पोरांना पाढे चालीवर शिकवले, मग आकडीला का नाही —

आत जा गं, सूत घे गं,
मागे फीर, बाहेर ये;
दोन होते, एक झाले,
पुढच्या घरी चालू दे.

एका टाक्याला एक कडवं बराबर बसतं! आकडी आत घालायची, सूत ओढायचं, आकडीवर दोन फंदे होतात, दोनांतून एक काढायचा. पाठ्यपुस्तकात छापली असती तर पोरांनी आनंदाने घोकली असती.

नंदाबाईने — धर्मराजची बायको, आमची सून — भाकरी थापताना ऐकलं वाटतं. संध्याकाळी पिठावर थाप मारत तीच म्हणत होती, "दोन होते, एक झाले!" म्हटलं, "चेष्टा करते काय?" तर म्हणाली, "न्हाई मामंजी, चाल चांगली हाय. भाकरी गोल व्हायला लागली."

सगुणा तिथेच तांदूळ निवडत होती. उठून आत गेली.


२१ डिसेंबर, अंगारकी

गणपतीला ही गर्दी! भोकरदनपासून बैलगाड्यांची रांग. धर्मराजचं नारळ-दूर्वांचं दुकान, त्याला दम घ्यायला वेळ नाही. मी गल्ल्यामागे पोत्यावर बसून विणत होतो. माणसं देवाचं दर्शन घेऊन माझं घेत होती.

समोरचा हारवाला पुंजाराम ओरडला, "मास्तर! आता बांगड्या बी भरून घ्या की! कासार आल्ता सकाळी!"

म्हटलं, "पुंजाराम, तू दिवसभर फुलं ओवतोस, ते काय मल्लखांब आहे?"

सगळे हसले. तोही हसला, पण हात हारातच होते बिचाऱ्याचे.

मग केदारखेड्याचा कडूबा आला. माझ्या हातचा विद्यार्थी, आता डोक्याला पांढरे. पायाला हात लावला आणि कडं उलटंपालटं करून बघत बसला. "ह्याला टोकं न्हाईत?" म्हटलं, नाहीत. "मंग मोटेच्या दोरात अडकायचं भ्याच न्हाई! पहाटं मोटेवर लई गारठा ऱ्हातो, मास्तर. गुलुबंद बांधला तर दोराशी खेळतंय त्ये." मग कडं परत देत, "मला बी एक करा ना."

नापास व्हायचा हा भूमितीत. पण आज सगळ्या राजुरात कड्याचा उपयोग ह्यालाच कळला! घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं. सगुणेला ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.


२४ डिसेंबर

सापडलं! मी शोधून काढलं! कोणी शिकवलं नाही!

चार फेऱ्या डाळिंबी झाल्या, आता मोतिया लावायचा. लावला, तर सांध्यावर अर्धा टाका डाळिंबी, अर्धा मोतिया. डागासारखं दिसे. भाभींच्या टोप्या एकरंगी पांढऱ्या, त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. दोन दिवस उसवतोय, घालतोय. आज देवळाच्या पायरीवर बसलो असताना एकदम कळलं. शेवटच्या टाक्याचे दोन फंदे आकडीवर असतात ना, त्यांतून जो एक काढायचा तो नव्या रंगाने काढायचा! म्हणजे जुना टाका पुरा होता होताच नवा रंग आकडीवर येऊन बसतो. रेघ अशी स्वच्छ की पट्टीने ओढावी.

धावत निजामोद्दीनकडे. डाक आत गेली. मग पडदा हलला आणि भाभी म्हणाल्या, "अगं आमिना, बघ, बघ! ये तो मेरेकू भी नै आता!"

निजामोद्दीन म्हणाला, "मास्तर, माझ्या घरात तुझी इज्जत माझ्यापेक्षा वाढून राह्यली, बिलकुल आवडलं न्हाई मला."

आज काही झोप येणार नाही. एवढं कौतुक कविता म्हणून दाखवल्यावरही कधी झालं नव्हतं.


२७ डिसेंबर

बारा फेऱ्या. डाळिंबी, मोतिया, डाळिंबी.

मुद्दाम हिच्या समोरच्या खांबाला टेकून बसतो. ही पाठ करून बसते. काल नंदाबाई म्हणाली, "आत्याबाई, बघा तरी, मामंजींनी काय नक्षी काढली." ही म्हणाली, "चुलीवर दूध हाय." दूध नव्हतं.

मी बोलत नाही. टाका मात्र सुरेख घालतो. पाठीलाही दिसत असेल.


३१ डिसेंबर

काहीतरी आहे.

कडं एका जागी उलटतं. पट्टी चार बोटं रुंद झाली तेव्हापासून दिसतंय, पण वाटलं लोकर नवी आहे, बसेल. बसत नाही. डाव्या बाजूला बाहेरची बाजू आत जाते, आतली बाहेर येते, दोरीला पीळ पडावा तसं. दाबून सरळ केलं की दुसऱ्या जागी उठतं. सापच!

भाभींकडे नेलं. त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं. "टाके तर मोत्यासारके हायत, मास्तरसाब. कळंना. टोपीत असं कदीच होत न्हाई." शेवटी म्हणाल्या, "पाण्यात भिजवून दगडाखाली ठेवो, सीदं होईल."

हो, तसंच करीन.


४ जानेवारी १९३८

भिजवलं. पाट्याखाली दोन दिवस दाबलं. काढलं. उठला साप.

उसवू? अठरा फेऱ्या उसवू? संक्रांत दहा दिवसांवर. आणि कुठपर्यंत उसवू, चूक कुठे आहे तेच कळत नाही! प्रत्येक फेरीत शहाण्णव, एक कमी नाही, एक जास्त नाही. पोरांची वही असती तर लाल शाईने 'रीत बरोबर, उत्तर चूक' लिहिलं असतं आणि हात झटकले असते. किती पोरांच्या वह्यांवर लिहिलं असेल हे! त्यांना काय वाटत असेल तेव्हा?

नाही उसवणार. पुढे जातो.


१० जानेवारी

चोवीस फेऱ्या. संपला.

निजामोद्दीनच्या गळ्यात घालून पाहिला. पीळ मानेमागे घेतला की समोरून झकास दिसतो! पुंजारामने सुद्धा लोकर चिमटीत धरून पाहिली, म्हणाला, "हे तुम्ही केलं?" म्हटलं, "ह्या हातांनी." हात पुढे केले. उजव्या तर्जनीला घट्टा पडलाय. पूर्वी त्याच बोटाला शाई असायची.

वेडावाकडा असेल. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा आहे. कुठेही अडवला गेला नाही, कुणी मांडीवरून उचलून नेला नाही.


१४ जानेवारी, संक्रांत

दिला.

सकाळी ही तुळशीपुढून आली. तिळगूळ देऊन झाला. मग मी रुमालातून काढून पाटावर ठेवला आणि पाठ केलेलं भाषण विसरलो. पोरं परीक्षेला विसरतात तसं, पहिला शब्दच आठवेना. एवढंच म्हणालो, "तुझ्यासाठी केलाय."

नंदाबाई दारातच थांबली. धर्मराजने दुकानाची किल्ली ह्या हातातून त्या हातात घेतली.

ही खाली बसली. हात लावला नाही. नुसतं पाहिलं. बाहेर कासाराची हाक गेली, कुत्रं भुंकलं, तरी पाहतच होती. मग बोट पुढे करून, न टेकवता, कड्याच्या कडेने फिरवलं आणि एका जागी थांबली.

"पहिल्याच फेरीत पीळ पडलाय."

एकेचाळीस वर्षं! एकेचाळीस वर्षांनी विणण्याबद्दल पहिलं वाक्य! आणि मी काय म्हणावं? म्हणालो, "कसा?"

"साखळी जोडायच्या आधी पाटावर सरळ अंथरून बघावी लागते. तुम्ही हातातच जोडली आसंल. कुठंतरी उलटी झाल्ती. मंग वर कितीबी चांगलं विणा, त्ये पीळ घेऊनच वाढतंय."

"भाभींना पण कळलं नाही—"

"टोपीला मदी ठिपका आसतो. तिला उलटायला जागाच न्हाई. त्यांना कसं कळंल?"

चुकीचं उत्तर आल्यावर इतका आनंद झालेला मास्तर कुठे पाहिला आहे? हिला सगळं येतं! एकही टाका विसरलेली नाही! ते येणं कुठेही गेलं नव्हतं, इथेच, ह्या घरात, तांदूळ निवडत बसलं होतं.

धीर करून विचारलं, "तेव्हाच्या गळपट्ट्यातला दुसरा रंग कोणता होता? मला डाळिंबी आठवला. दुसरा आठवेना म्हणून मोतिया आणला."

हिने नंदाबाईकडे पाहिलं, ती आत गेली, धर्मराजलाही ओढून घेऊन गेली.

"काळा होता," ही म्हणाली. "तुमचा कोट काळा होता ना शाळेचा."

मला आधी कळलंच नाही.

"थंडीत पायी जायचे. खोकत यायचे. वर्गात कविता म्हणायचा आवाज बसलाय, म्हणून सांगायचे." पाटाकडे बघत म्हणाली, "तुमच्या गळ्यासाठी होता तो."




१५ जानेवारी

गुलुबंद पाटावर तसाच आहे. घातलेला नाही. मी पाटाला वळसा घालून चालतो.


१६ जानेवारी

दुपारी घरी आलो आणि दारातच थांबलो. ही उंबऱ्यात बसून गुलुबंद उसवत होती.

चोविसावी फेरी मोकळी झालेली. लोकर ओढत होती, टाके टपटप सुटत होते, कुरळा धागा मांडीवर साठत होता. माझ्याकडे पाहिलं. हात थांबला नाही.

चाळीस दिवसांचं काम. म्हणावंसं वाटलं — एवढी तरी राहू दे. रंग बदलाची ती एक फेरी, जी मी शोधून काढली. शब्द ओठापर्यंत आले. आणि मग आठवलं, हे शब्द कोणाचे आहेत, आणि कोणी ऐकले नव्हते.

समोर बसलो आणि पाहत राहिलो. पार पहिल्या साखळीपर्यंत उसवलं तिने. पीळ होता ती जागा आली तेव्हा बोटाने मला दाखवली. एक उलटा टाका, बस. एवढासा! मग तोही गेला.

मोतिया लोकरीचा वेगळा गुंडा करून नंदाबाईच्या हातात दिला. "तुझ्या पोरीला टोपरं होईल." डाळिंबी पदरात घेऊन आत गेली.

माझं काहीच उरलं नाही. आकडी तेवढी पाटावर होती.


१७ जानेवारी

धर्मराज जालन्याला माल आणायला गेला. मोटारीपर्यंत ही त्याच्यामागे गेली, कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं, म्हणाला, "आईनं सांगू नको म्हणून सांगितलंय, आबा."

आकडी पाटावर नाही.


१९ जानेवारी

धर्मराजने काळी लोकर आणली.

सकाळी हिने धाग्याने माझी मान मोजली. "हलू नका," म्हणाली. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

मग साखळी पाटावर अंथरली, तळव्याने सरळ केली, दोनदा तपासली आणि जोडली. आता उंबऱ्यात बसली आहे. माझी लेखणी तिच्या बोटांत आहे. डाळिंबी, काळा. चाल तीच. ओठ हलताहेत, कडवं ऐकू येत नाही.

बाराचा सूर्य डोक्यावर आला, पोटात कावळे. म्हटलं, "अगं, भाकरी—"

"थांबा. एवढी फेरी होऊ द्या."

थांबलो आहे.